मुर्रीहून उटी: एका पोरीसाठी दोन शाळा

मुर्री

आमच्या मुर्रीत कोणाच्या घरी नवा सोफा आला तरी चार लोक त्यावर बसून पाहून जातात. त्यामुळे आम्ही नवरा-बायको पोरीला घेऊन शाळा पाहायला पाचगणीला आणि तिथून उटीला जाणार, ही बातमी गाडीचं तिकीट काढायच्या आधीच गावभर झाली होती. लोकांना एवढंच कळत नव्हतं, की शाळा पाहायची म्हणजे काय पाहायचं. सोयरिकीसाठी मुलगी पाहतात, बाजारात बैल पाहतात. शाळेत तर नाव टाकतात आणि मोकळे होतात.

गोष्ट २००९ सालची. गोंदिया शहर वाढत वाढत आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, येऊन टेकलं होतं, आणि रस्त्याकडची आमची एक बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, प्लॉट पाडणाऱ्यानं विकत घेतली. पैशाच्या मागोमाग सल्ले आले. मोठा भाऊ म्हणाला, चारचाकी घे. सासरे म्हणाले, सालेकशाकडे जमीन घ्या, जमिनीचा पैसा जमिनीतच जावा. माझी बायको निर्मला सगळ्यांचे सल्ले ऐकून घेत होती. मग एका सकाळी तांदूळ निवडता निवडता तिनं सांगितलं, की प्राचीला इंटरनॅशनल बोर्डिंग स्कूलमध्ये घालायचं.

हा शब्द तिनं नागपूरला दातांच्या डॉक्टरकडे, शेजारी बसलेल्या एका बाईच्या तोंडून ऐकला होता. दात तर निघाला, शब्द मात्र डोक्यात राहिला. प्राची आमची एकुलती एक, तेव्हा सहावीत. शहरातल्या इंग्रजी शाळेत जायची, आणि प्रश्न फार विचारते म्हणून तिला अधूनमधून वर्गाबाहेर उभं करत. निर्मलाला ते सहन होत नव्हतं. पोरगी घरातून जाणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

निर्मला सालेकशाच्या जंगलातल्या गावची. गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून ती आमगावला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली. आयुष्यातली सगळ्यांत मजेची वर्षं तीच, असं ती लग्न झाल्यापासून माझ्या तोंडावर सांगत आली आहे. वसतिगृह म्हटलं की मला रडणारी पोरं दिसत आणि तिला तिथे चोरून खाल्लेल्या चिंचा दिसत. शेवटी ठरलं, की आधी पाहून तर येऊ. पाहायला काय जातं?

खरं सांगायचं तर लग्नानंतर आम्ही दोघं नागपूरच्या पलीकडे एकत्र कधी गेलोच नव्हतो. रोवणी, कापणी, चुरणी, मग कोणाचं तरी लग्न, असंच वर्ष सरायचं. कोल्हापूरच्या गाडीत बसलो, भावानं खिडकीतून लिंबं आत दिली, गाडी हलली आणि निर्मला कारण नसताना हसायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, आणि आणखी हसली. मग मलाही हसू आलं. प्राचीनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि वरच्या बर्थवर जाऊन पुस्तक उघडलं. पूर्ण प्रवासभर आमच्या तिघांतली शहाणी तीच होती.

पाचगणी

साताऱ्याला उतरून वाईमार्गे घाट चढलो. फेब्रुवारी महिना होता. आमच्याकडे तेव्हा उन्हाची सुरुवात होते, इथे सकाळी स्वेटर लागत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेतं. मी शेतकरी माणूस, मला आधी शेतच दिसतं. मातीवर काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्याला भोकं पाडून त्यातून रोपं काढलेली. पाणी थेंबाथेंबानं. आमच्याकडे बांधीत घोटाभर पाणी उभं नसेल तर माणसाला झोप लागत नाही. इथला शेतकरी पाणी असं देत होता, जसं काही लहान मुलाला औषध पाजतो.

अशाच एका शेतकऱ्यानं आम्हाला शेताच्या कडेला बसवलं आणि ताज्या तोडलेल्या स्ट्रॉबेरी पुढे ठेवल्या. आम्ही गोंदियाच्या बाजारात कधीमधी पाहिलेली स्ट्रॉबेरी आणि ही, यांचं नातं कागदी फुलं आणि खऱ्या फुलांसारखं. मी किती खाल्ल्या ते सांगत नाही. शाळेत जायची वेळ झाली तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत लाल ओघळ होता. दुसरा शर्ट लॉजवर, लॉज गावाच्या दुसऱ्या टोकाला. ज्यांना शाळा पाहायला जायचं आहे, त्यांनी एवढी एक गोष्ट माझ्याकडून शिकावी: आधी शाळा, मग स्ट्रॉबेरी.

निर्मलानं आपली शाल काढून माझ्या अंगाभोवती गुंडाळली. तशा अवतारात मी शाळेच्या कचेरीत बसलो. शाळा बघण्यासारखी होती. जुन्या दगडी इमारती, उंच सिल्व्हर ओक, हिरवंगार मैदान, पोहण्याचा तलाव, पियानोच्या खोल्या. प्रवेशाचं काम पाहणारे गृहस्थ फार अदबीनं बोलत होते. मला थंडी वाजते आहे असं समजून त्यांनी खिडक्या बंद करायला लावल्या आणि हीटर माझ्याकडे वळवला. शालीच्या आत मला घाम फुटला. निर्मला माझ्याकडे पाहायचं टाळत होती, पण तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पायावर पाय दिला, त्यानं काम आणखी बिघडलं. ती खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिच्या हसण्याचा आवाज आत आला. ते गृहस्थ म्हणाले, तुमच्या मिसेसनाही सर्दी झालेली दिसते.

ती परत आल्यावर त्यांनी शाळेची सगळी माहिती दिली. मधेच प्राचीनं त्यांना विचारलं, की जेवण झाल्यावर परत भूक लागली तर काय करायचं. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि मला सांगितलं, की मुलांच्या आहाराकडे आमचं पूर्ण लक्ष असतं. प्राचीनं आणखी एक प्रश्न विचारला, इथे कोणाचं कोणाशी पटलं नाही तर खोली बदलून देतात का. त्याचंही उत्तर मलाच मिळालं.

संध्याकाळी टेबललँडवर गेलो. डोंगराच्या माथ्यावर एवढी सपाट जागा मी प्रथमच पाहिली. कोणी सांगितलं असतं की ही मुद्दाम वखरून सपाट केली, तरी मी विश्वास ठेवला असता. निर्मलानं घोड्यावर बसायचं ठरवलं. घोडेवाला लगाम धरून चालतो, असा तिचा समज होता. घोड्याचा समज वेगळा होता. ती नऊवारी नाही, पाचवारी साडीत, पदर उडवत, माझ्यासमोरून धावत गेली आणि तिच्या तोंडातून एकही शब्द निघत नव्हता. मी मागे पळालो. घोडा पार टोकाच्या मक्याच्या गाडीपाशी जाऊन आपोआप थांबला, त्याचा रोजचा मुक्काम तिथेच असावा. मी धापा टाकत पोचलो तर ती वरूनच म्हणाली, की अजून एक चक्कर मारते.

मला वाटलं ही शाळा पक्की झाली. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना मी तसं बोललोही. प्राची खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, "पप्पा, प्रश्न मी विचारले आणि ते सर उत्तर तुम्हाला देऊन राहिले होते."

निर्मलानं माझ्याकडे पाहिलं. पाचगणीचा विषय त्या वळणावर संपला.

उटी

साताऱ्याहून बंगळूर, तिथून म्हैसूर, तिथून बसनं जंगलातून वर. या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की भावानं दिलेली लिंबं कामी आली आणि ती मलाच लागली.

उटीची थंडी पाचगणीच्या थंडीची मोठी बहीण. निलगिरीच्या झाडांचा वास असा, की वाटतं कोणीतरी पूर्ण गावाच्या छातीला बाम चोळला आहे. डोंगरउतारावर चहाचे मळे. दुरून मला ते आमच्या बांध्याच वाटले, एकाखाली एक रचलेल्या, फक्त यांच्यात पाणी थांबत नाही. खानावळीत भात मागितला तर जाड, उकड्या तांदळाचा ढीग आला, त्यावर पातळ रस्सम. गोंदियाच्या माणसानं दुसऱ्याच्या भाताला नावं ठेवू नयेत असं होत नाही. आमच्या चिन्नोर तांदळाचा भात शिजला की शेजारच्या घरी कळतं. हा भात पुढ्यात असूनही कळत नव्हता. पण बाहेरच्या गारठ्यात ते गरम रस्सम पोटात गेलं आणि मी गुपचूप तीनदा मागून घेतलं.

शाळा गावाबाहेर एका टेकडीवर होती. पाचगणीच्या शाळेएवढी देखणी नव्हती. पत्र्याची लाल छपरं, ओल धरलेल्या भिंती, मैदानात चिखल. आम्ही फाटकातून आत गेलो तर एक मध्यमवयीन बाई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून समोरून आल्या. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख, लीना मॅडम. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि लगेच प्राचीकडे वळून हिंदीत विचारलं, तू झोपेत घोरतेस का? प्राचीनं विचार करून उत्तर दिलं, की मी नाही, पप्पा घोरतात. मॅडम म्हणाल्या, मग पप्पांना घेता येणार नाही. त्या दोघी बोलत बोलत पुढे निघून गेल्या आणि आम्ही मागे मागे.

मग आमची मुलाखत. इथे मुलांच्या आधी आई-बापाला तपासतात, हे मला माहीत होतं. मी गाडीत इंग्रजीत उत्तर पाठ केलं होतं, त्यात सर्वांगीण विकास होता, जागतिक नागरिक होता. प्रिन्सिपल एक वयस्कर बाई होत्या, पांढरे केस, अंगात जाड लोकरीचा कोट. त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलीला इतक्या लांब का पाठवायचं आहे? मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं म्हैसूरच्या जंगलातच राहिल्याचं ध्यानात आलं. मी नुसतं 'सर' म्हणून थांबलो. त्या बाई होत्या, म्हणून 'मॅडम' म्हणून परत थांबलो.

निर्मला हिंदीत बोलायला लागली. गोंदियाची हिंदी, त्यात आमचे शब्द मिसळलेले. तिनं सर्वांगीण विकास वगैरे काही सांगितलं नाही. तिनं आमगावचं वसतिगृह सांगितलं. एका खोलीत अठरा मुली, एकच आरसा, आणि कुंपणापलीकडे चिंचेचं झाड. त्या चिंचेसाठी त्यांनी काय काय केलं, कोण कोणाच्या खांद्यावर चढायची, पहारा कोण द्यायची. लाखोळीची डाळ रोज रोज खाऊन कंटाळा आला की त्यात चिंच कालवायच्या. त्या मुलींपैकी काही आता शिक्षिका आहेत, एक पोलिसात आहे, काही शेतावर राबतात, आणि अजून कोणाच्याही घरी लग्न असलं तरी सगळ्या येतात. घरी असते तर आई-बापाची पोरगीच राहिले असते, तिथे राहून मी माझी झाले, असं ती म्हणाली.

प्रिन्सिपलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कधी पकडल्या गेलात का, असं विचारलं. निर्मला म्हणाली, रोज. शिक्षा काय व्हायची? तर चिंचा मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघरात जमा करायच्या. त्यावर त्या इतक्या हसल्या की बाहेरून कोणीतरी डोकावून गेलं. मला मात्र निर्मलाचं ते 'मी माझी झाले' हे वाक्य लागलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, चिंचा मी शंभरदा ऐकल्या होत्या. त्यांच्यामागचं हे वाक्य तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, की मीच कधी विचारलं नव्हतं, देव जाणे.

शाळेची एक पद्धत होती. मुलीनं एक दिवस आणि रात्र वसतिगृहात राहून पाहायचं आणि यायचं की नाही ते तिनं स्वतः सांगायचं. आई-बापानं तेवढा वेळ फाटकाबाहेर राहायचं. प्राची बॅग घेऊन लीना मॅडमबरोबर निघाली. वळणावर तिनं मागे पाहिलं. मी हात केला. तिनं हात केला नाही.

आता आम्ही दोघंच. सकाळचे अकराही वाजले नसतील आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आम्हाला जगात काही काम नव्हतं. न जनावरांना पाणी दाखवायचं, न पाहुण्यांना चहा. आम्ही तळ्यावर गेलो आणि पायडल मारायची नाव घेतली. ती सरळ जाईना. मी जोरात मारायचो, ती हळू मारायची, म्हणून नाव गोल गोल फिरत राहिली आणि शेवटी काठाच्या गवतात जाऊन रुतली. काठावरच्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाववाला दोरी घेऊन आला आणि आम्हाला ओढत नेलं. निर्मला पोट धरून हसत होती. मग काठावर मिरचीची गरमागरम भजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, त्यावर चहा, आणि परत भजी. दुकानातून तिनं माझ्यासाठी कानटोपी घेतली, मी तिच्यासाठी घेतली, दोन्ही एकाच रंगाच्या निघाल्या. त्या घालून आम्ही उटीच्या बाजारातून गाजरं खात फिरलो. मुर्रीत कोणी पाहिलं असतं तर पंचायत बसली असती.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की तासभर आम्ही प्राचीचं नाव काढलं नाही. मला एकदम अपराध्यासारखं झालं. मी निर्मलाला म्हणालो, की ती रडत असेल. निर्मलानं गाजर चावणं थांबवलं.

"रडत असंल त रडू द्या," ती म्हणाली. "मी पण पहिल्या दिवशी रडली होती. पण उद्या ती नाई म्हणाली, त तिले एक शब्द बोलायचा नाई. मी पण बोलणार नाई."

तिचा आवाज बारीक झाला होता. तेव्हा मला कळलं, की या बाईला ही शाळा किती हवी आहे, आणि किती भीती वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेच्या कितीतरी आधी फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. मी मनात तयारी केली होती, सुजलेले डोळे, घरी चला. आतून मुलींचा घोळका धावत येत होता. त्यात केनियाची उंच अमीना होती, कोरियाची चष्मा लावलेली जीवू होती, आणि मधे आमची प्राची, दोन्ही मोजे खाली आलेले. लीना मॅडम मागून ओरडून काहीतरी सांगत होत्या, बहुतेक पळू नका. त्यावर ती जीवू थांबली, मागे वळली आणि अगदी स्पष्ट स्वरात म्हणाली, "काऊन?"

मग अमीना म्हणाली, "काऊन?" मग सगळ्याच म्हणायला लागल्या. निलगिरीच्या टेकडीवर, केनियाची पोरगी आणि कोरियाची पोरगी आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'का' विचारत होत्या. ज्या शब्दासाठी गोंदियाच्या शाळेत प्राचीला बाहेर उभं केलं होतं, तो तिनं एका रात्रीत पूर्ण वसतिगृहाला शिकवला होता. लीना मॅडम आमच्यापाशी येऊन म्हणाल्या, की रात्रीपासून एकही मुलगी सरळ ऐकत नाही, दिवा बंद करा म्हटलं तरी हेच. त्या तक्रार करत होत्या, पण त्यांचंही हसू लपत नव्हतं. निर्मला फाटकाच्या खांबाला टेकली. ती हसत होती की रडत होती, हे मी आजही सांगू शकत नाही.

प्राची आमच्यापाशी आली. प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत जायच्या आधी तिनं आम्हाला बाजूला घेतलं. मी इथे आले तर तुम्ही दोघं घरी काय कराल, असं तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. निर्मलानं तिचे मोजे वर ओढले आणि म्हणाली, "आमचं आम्ही पाहू. तू तुझं सांग."

प्राचीनं आत जाऊन हो सांगितलं.

प्रतापगड

जुलैत तिला सोडून आलो. सोडतानाचं काही लिहीत नाही, ज्यांनी सोडलं आहे त्यांना माहीत आहे. परतलो तर रोवणी सुरू झाली होती, चिखलात दिवस कसे गेले कळलं नाही. घरात मात्र कपबशा जास्त वाटायला लागल्या. बोलता बोलता आम्ही दोघंही मधेच थांबायचो, तिसऱ्यानं काहीतरी विचारावं म्हणून.

रोवणी आटोपल्यावर एका रविवारी मी मोटारसायकल काढली आणि निर्मलाला विचारलं, प्रतापगडला येतेस का. साताऱ्याकडचा नव्हे, आपल्याच जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगावकडचा, आणि आम्ही कधी गेलो नव्हतो. तिनं डब्यात भाकर आणि जवसाची चटणी भरली. मला सांगितलं, आज घरी कोणाला काही सांगायचं नाही, नुसतं निघायचं.

गड हिरवा झाला होता. पायथ्याशी महादेवाचं दर्शन घेतलं, मग दर्ग्यावर चादर चढवली, इथे लोक दोन्हीकडे जातातच. नंतर वरची वाट धरली. खाली नुकत्या रोवलेल्या बांध्या, त्यांत ढग उतरलेले. अर्ध्या वाटेवर मोबाइलला रेंज आली. रविवारी ठरलेल्या वेळी वसतिगृहात फोन लावता येतो, तीच वेळ होती. मी लावला. पलीकडे कोणीतरी प्राचीला हाक मारली, आणि बऱ्याच वेळानं ती आली.

हॉकीच्या टीममध्ये घेतलं, जीवूला जवसाची चटणी फार आवडली, थंडी आहे, गणितात बरे मार्क आले, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मी विचारणार होतो की आठवण येते का. तेवढ्यात ती म्हणाली, "पप्पा, ठेवते आता, माझ्यासाठी सगळे थांबून राहिले." आणि ठेवला.

मी फोन कानालाच धरून उभा होतो. निर्मलानं विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं, की तिनंच ठेवला. निर्मलानं डब्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बोलताना धापा टाकत होती का?"

"हो."

"पळत आली असंल."

"पळत आली," मी म्हणालो, "आणि पळत गेली."

निर्मलानं माझ्या हातातून फोन घेतला, पदरानं पुसला आणि पिशवीत टाकला. "मंग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि माझ्या पुढे चढायला लागली.